अकारविल्हे आणि यंत्र

अनुक्रम ही वस्तु अशी आहे कीं ती जोंपर्यंत नीट असते तोंपर्यंत तिचें अस्तित्व कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. कोश उघडावा, दोन-तीन पानें उलटतांच हवा तो शब्द सांपडावा, आणि कोश मिटावा. ह्या साध्या व्यवहारांत कोशकारानें आपल्याशीं एक करार केलेला असतो, व तो करार आपण लहानपणीं वर्णमाला पाठ करतांनाच मान्य केलेला असतो, हें कोणास आठवतें? परंतु तोच शब्द ज्या जागीं असावयास पाहिजे त्या जागीं नसला, म्हणजे तो कोशांत असूनहि नसल्यासारखा होतो. मनुष्य निदान पुढचीं-मागचीं पानें चाळून पाहतो, कोशकारावर रागावतो, आणि शेवटीं शब्द हुडकून काढतो. यंत्राला राग येत नाहीं व शंकाहि येत नाहीं. ठराविक जागीं नोंद दिसली नाहीं कीं 'अशी नोंद नाहीं' असें शांतपणें सांगून तें मोकळें होतें.

आज शाळेच्या पटापासून पेढीच्या खात्यापर्यंत आणि मतदारांच्या याद्यांपासून ग्रंथालयांच्या सूचीपर्यंत आपलीं नांवें ज्या संगणकीय दप्तरांत राहतात त्यांस डेटाबेस म्हणतात. आणि तें दप्तर राखणारी, त्यांत नोंदी घालणारी व मागितलेली नोंद शोधून देणारी जी यंत्रणा तिला डेटाबेस इंजिन असें नांव आहे. ह्या इंजिनाच्या पोटांत अक्षरांचा क्रम कोणता असावा, तो कोणीं ठरवावा, आणि एकदां ठरलेला क्रम बदलावयाचा झाल्यास किंमत काय द्यावी लागते, ह्या प्रश्नांचा इतिहास साठ वर्षांच्या आंतबाहेरचा आहे. वरवर पाहतां तो केवळ तंत्रज्ञांचा वाटतो. पण मराठीच्या ळकाराचा, क्ष आणि ज्ञ ह्या जोडाक्षरांचा व ॲ ह्या नव्या स्वराचा हिशेब त्यांत गुंतलेला आहे. म्हणून तो येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अकारविल्हे यादी लावण्याची रीत आपण समजतों तितकी स्वाभाविक नाहीं. आपल्या वर्णमालेचा क्रम अतिशय प्राचीन व सयुक्तिक आहे खरा. कंठापासून ओष्ठापर्यंत उच्चाराचीं स्थानें जशीं पुढें पुढें येतात तसतसे क, च, ट, त, प हे वर्ग मांडलेले आहेत; आणि ह्या मांडणीमागची दृष्टि प्रातिशाख्यकारांच्या काळापासून चालत आलेली आहे. तथापि एवढी सुरेख मांडणी हातीं असूनहि अमरसिंहानें आपला कोश तीन कांडांत विषयवार रचिला, आणि शिवछत्रपतींच्या काळचा राज्यव्यवहारकोशहि वर्गवारच रचला गेला. कारण हे कोश श्लोकबद्ध होते. ते मुखोद्गत करावयाचे होते, शोधावयाचे नव्हते. मराठी शब्द शोधून पाहण्याचा मोठा कोश हातीं आला तो मोल्स्वर्थच्या खटपटीनें, १८३१ सालीं. व त्याची सुधारलेली आवृत्ति १८५७ सालीं निघाली. युरोपांतील वर्णमालेच्या क्रमाला तर उच्चारशास्त्राचा आधार कांहींच नाहीं. तो केवळ परंपरेनें चालत आलेला. तरीहि सन १२८६ मध्यें जिनोआच्या योहान्नेस बाल्बुसनें आपला लॅटिन कोश पुरा केला, तेव्हां शब्द कोणत्या क्रमानें लावले आहेत तें त्याला उदाहरणें देऊन समजावून सांगावें लागलें; आणि १६०४ सालच्या रॉबर्ट कॉड्रेच्या इंग्रजी कोशांतहि, शब्द शोधावयाचा तर आधीं अक्षरांचा क्रम पाठ करावा, असा उपदेश वाचकास केलेला आहे. तात्पर्य, अकारविल्हे हा निसर्गनियम नसून लिहिणारा व शोधणारा ह्यांच्यामधला ठराव आहे.

यंत्रांत हा ठराव शिरला तो संख्येच्या वाटेनें. अमेरिकेच्या १८९० च्या खानेसुमारींत हर्मन हॉलेरिथचीं छिद्रांचीं पत्रें प्रथमच मोठ्या प्रमाणावर वापरलीं गेलीं, आणि पुढें तीं पत्रें क्रमवार लावणारीं यंत्रें निघालीं. अंकासाठीं एका स्तंभांत एक छिद्र पुरे होई. अक्षरासाठीं दोन छिद्रें लागत. म्हणून अंकांचा स्तंभ एका फेरींत लागे, तर अक्षरांच्या स्तंभाला यंत्रांतून दोन फेऱ्या काढाव्या लागत. नांवें लावणें हें यंत्राला पहिल्यापासूनच अंक लावण्यापेक्षां जड गेलें. पुढें संगणक आले तेव्हां प्रत्येक अक्षराला एकेक क्रमांकच देऊन टाकण्यांत आला. १९६३ सालीं ॲस्की नांवाची क्रमांकपद्धति ठरली; त्याच्या दुसऱ्याच वर्षीं आयबीएम कंपनीनें आपल्या सिस्टिम ३६० ह्या यंत्रांबरोबर एब्सिडिक नांवाची निराळी पद्धति आणली. ॲस्कींत आधीं अंक, मग मोठीं इंग्रजी अक्षरें, व मग लहान. एब्सिडिकमध्यें आधीं लहान अक्षरें, मग मोठीं, व अखेरीस अंक. एकच यादी दोन यंत्रांवर दोन निरनिराळ्या क्रमांनीं लागे, आणि दोन्ही यंत्रें आपापल्या परीनें अचूक असत! ह्या काळांत क्रमाविषयीं भाषापंडितास कोणी विचारलें नाहीं. ज्याचा क्रमांक लहान तें अक्षर आधीं, एवढाच यंत्राचा व्याकरणनियम होता.

हा नियम यंत्राच्या किती खोलवर गेला हें समजण्यासाठीं सूची कशी बांधतात तें पाहिलें पाहिजे. सन १९७० मध्यें आयबीएमच्या एडगर कॉड ह्यांनीं सर्व माहिती कोष्टकांच्या रूपानें मांडण्याची उपपत्ति प्रसिद्ध केली. त्याच सुमारास बोइंग कंपनीच्या प्रयोगशाळेंत रूडॉल्फ बायर व एडवर्ड मॅक्राइट ह्यांनीं 'बी-वृक्ष' नांवाची सूचीची रचना शोधून काढली, व ती १९७२ सालीं छापून प्रसिद्ध झाली. आजचीं बहुतेक डेटाबेस इंजिनें ह्या रचनेच्या कोणत्या ना कोणत्या रूपावर उभीं आहेत. एखाद्या मोठ्या वाड्याच्या देवडीवर एक पाटी आहे असें समजावें. क पर्यंतचीं नांवें डावीकडे, ख पासून न पर्यंतचीं समोर, त्यापुढचीं उजवीकडे, असें तीवर लिहिलें आहे. त्या बाजूस वळावें तों दारावर दुसरी पाटी, तिच्यापुढें तिसरी. असें करीत मनुष्य नेमक्या कोनाड्यापाशीं येऊन पोंचतो. प्रत्येक पाटीवर शंभर वाटा दाखविल्या आहेत असें धरलें, तर अवघ्या चार पाट्या वाचून दहा कोटि नांवांतलें हवें तें नांव हातीं लागतें. बी-वृक्षाची सारी करामत ती एवढीच.

परंतु ह्या करामतीला एक अट आहे. पाटी लिहिणाऱ्यानें ज्या क्रमाचा विचार केला होता त्याच क्रमाचा विचार पाटी वाचणाऱ्यानें केला पाहिजे. क्रम मध्यंतरीं बदलला, तर पाट्या जुन्याच राहतात आणि वाचणारा नव्या नियमानें वळतो; तो चुकीच्या दालनांत जातो, कोनाडा रिकामा पाहतो, आणि 'नोंद नाहीं' म्हणून परत येतो. याहून वाईट असें कीं, एकच नांव दोनदां येऊं नये म्हणून जेथें पहारा ठेवलेला असतो तेथेंहि तोच प्रकार होतो. पहारेकरी चुकीच्या कोनाड्यांत पाहतो, तें नांव तेथें नाहीं अशी खात्री करून घेतो, आणि दुसऱ्यांदा तेंच नांव आंत सोडतो. सारांश, यादीचा क्रम ही शेवटीं छापतांना करावयाची सजावट आहे असा जो सर्वसाधारण समज आहे, तो डेटाबेसच्या बाबतींत खरा नाहीं. येथें क्रम हाच पाया असतो. ज्याला तो बदलावयाचा असेल त्याला घर मोडून पुन्हां बांधावें लागतें.

आतां भाषांचा क्रम पाहूं गेलें तर तो एकेरी नसतो. कॅनडांतील क्वेबेक प्रांताच्या सरकारांत काम करणारे अलॅं लाबोंते ह्यांनीं १९८० नंतरच्या दशकांत फ्रेंच शब्दांच्या क्रमाची चिकित्सा केली, आणि चार फेऱ्यांची एक पद्धति मांडली. पहिल्या फेरींत नुसतीं मूळ अक्षरें पाहावयाचीं. तीं सारखीं निघालीं तरच स्वरांवरच्या खुणा पाहावयाच्या. त्याहि सारख्या असतील तर अक्षराचा लहानमोठेपणा. आणि सर्वांच्या शेवटीं विरामचिन्हें वगैरे. जाणता कोशकार मनांतल्या मनांत जें करतो तेंच येथें नियमबद्ध झालें. पुढें आंतरराष्ट्रीय मानकानें व युनिकोड संघाच्या क्रमपद्धतीनें हेंच तत्त्व स्वीकारलें. तरीहि एक नियम सर्व भाषांना पुरत नाहीं. स्वीडिश लोक आपलीं तीन विशेष अक्षरें वर्णमालेच्या शेवटीं घालतात. स्पॅनिश भाषेंत 'चे' आणि 'एल्ये' हीं जोडअक्षरें स्वतंत्र अक्षरें म्हणून कोशांत वेगळीं दालनें अडवून बसलीं होतीं. १९९४ सालीं माद्रिद येथें स्पॅनिश भाषेच्या अकादमींची परिषद भरली, तींत हीं दालनें मोडून तीं अक्षरें सामान्य क्रमांत घालावीं असें ठरलें. एका ठरावासरशीं सारे जुने कोश व सूची जुन्या पद्धतीच्या ठरल्या. म्हणून आजहि संगणकांत स्पॅनिशसाठीं 'पारंपरिक' व 'आधुनिक' असे दोन्ही क्रम शेजारीं-शेजारीं ठेवलेले आढळतात.

मराठीची गोष्ट ह्याहून फार निराळी नाहीं. भारतीय लिपींसाठीं इस्की नांवाची क्रमांकपद्धति तयार झाली. तिच्या १९८८ च्या मसुद्यावरून युनिकोडनें देवनागरीचा विभाग बेतला, आणि १९९१ सालीं इस्कीसहि भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. ज्यांनीं ही मांडणी केली त्यांनीं वर्णमालेचा मान राखला, ह्याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. स्वर आधीं, मग व्यंजनें, मग काना-मात्रा, व त्यानंतर हलन्ताची खूण असे क्रमांक असल्यामुळें क, का, कि पासून कौ पर्यंत जाऊन मग क्य, क्र असा संस्कृत कोशांचा क्रम निवळ क्रमांकांच्या तुलनेनेंहि पुष्कळसा साधतो. तथापि हा विभाग संस्कृत, हिंदी, मराठी, नेपाळी, कोंकणी अशा अनेक भाषांचा सामाईक आहे. आणि सामाईक घरांत प्रत्येकाच्या देव्हाऱ्याला हवी ती दिशा मिळत नाहीं. आमच्या शाळांतून ळ हा ह च्या नंतर शिकवितात. युनिकोडमध्यें ल चा क्रमांक २३५४, ळ चा २३५५, व चा २३५७ आणि ह चा २३६१ आहे. त्यामुळें क्रमांकानें लावलेल्या यादींत काळे हे कावळे, काशीकर आणि कासार ह्यांच्या आधीं येतात. वर्णमालेप्रमाणें त्यांनीं सर्वांच्या शेवटीं यावयास पाहिजे.

क्ष आणि ज्ञ ह्यांची अडचण आणखी निराळी आहे. यंत्राच्या दृष्टीनें क्ष हें अक्षरच नाहीं. क, हलन्त आणि ष असे तीन क्रमांक एकामागून एक आले कीं त्यांचें चित्र क्ष असें उमटतें. म्हणून क्षीरसागर हें आडनांव ककाराच्या पोटांत शिरतें. मोनियर विल्यम्स व आपटे ह्यांच्या संस्कृत कोशांतहि तें तसेंच शिरलें असतें, आणि संस्कृत व्याकरणाच्या दृष्टीनें तें योग्यच आहे. पण मराठी बाराखडी घोकलेला मुलगा क्ष आणि ज्ञ हे वर्णमालेच्या अगदीं शेवटीं शोधतो. महाराष्ट्र शासनानें ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानें मराठी वर्णमाला प्रमाण केली, तींतहि ह्या दोघांस विशेष संयुक्त व्यंजनें म्हणून वेगळें स्थान दिलेलें आहे. म्हणजे येथें यंत्राला तीन क्रमांकांचा समूह हें एकच अक्षर आहे असें शिकवावें लागतें.

ॲ ची कथा तर विनोदी वाटावी अशी आहे. ह्या स्वराला युनिकोडमध्यें स्वतःचा क्रमांक मिळाला तो २००८ सालीं. तोंपर्यंत आरंभींच्या जागा भरून गेल्या होत्या. म्हणून त्याला २४१८ हा क्रमांक देण्यांत आला, जो ह च्याहि पुष्कळ पुढें आहे. परिणामीं क्रमांकानें लावलेल्या यादींत ॲडव्होकेट हा शब्द हळदीच्याहि मागून येतो. शिवाय तोच शब्द अ लिहून त्यावर चंद्र देऊनहि टंकतां येतो, आणि तसा टंकला कीं तो निमूटपणें अकाराच्या घरांत जाऊन बसतो. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसतात. यंत्राला मात्र ते एकमेकांस अनोळखी असतात. अशा यादींत शब्द सांपडला नाहीं म्हणून शोधणाऱ्याच्या शुद्धलेखनास दोष देण्यांत अर्थ नाहीं.

भाषांचे हे हट्ट इंजिनाच्या पोटांत कसे शिरले हा इतिहासाचा पुढचा भाग. आरंभीं इंजिन बनविणाऱ्यांनीं ठरविलेला क्रमच काय तो खरा असे. तो बदलावयाचा म्हणजे इंजिनाचें मूळ लेखन हातीं घ्यावयाचें, त्यांतील तुलनेचा भाग दुरुस्त करावयाचा, आणि इंजिन पुन्हां नव्यानें घडवावयाचें. मायएसक्यूएल ह्या लोकप्रिय इंजिनांत एकबाइटी लिपींपुरती एक सोय होती. २५६ अक्षरांच्या वजनांचें एक कोष्टक फाइलींत लिहून दिलें कीं इंजिन त्याप्रमाणें अक्षरें तोलीत असे. पण ज्या लिपींचे नियम त्याहून गुंतागुंतीचे, त्यांच्यासाठीं इंजिनाच्या आंत नवें लेखन करावेंच लागे. २००४ सालच्या ४.१ ह्या आवृत्तीपासून प्रत्येक स्तंभाला आपला क्रम निवडण्याची मुभा आली. पुढें युनिकोडसाठीं 'अमक्याच्या नंतर तमकें' अशा धर्तीचे नियमहि फाइलींत लिहून देतां येऊं लागले.

त्याच २००४ सालीं रिचर्ड हिप ह्यांच्या एसक्यूलाइट ह्या लहानशा इंजिनाच्या तिसऱ्या आवृत्तीनें एक मोठें दार उघडलें. ह्या इंजिनाला स्वतःचे फक्त तीनच क्रम येतात: एक निवळ क्रमांकांचा, दुसरा इंग्रजीच्या २६ अक्षरांचा लहानमोठेपणा न मानणारा, आणि तिसरा शब्दाच्या अखेरची मोकळी जागा न मोजणारा. परंतु इंजिन बाहेरच्या मनुष्यास म्हणतें, 'तुमचा क्रम तुम्ही सांगा. मी दोन शब्द पुढें ठेवीन; त्यांपैकीं पहिला आधीं, कीं नंतर, कीं दोघे समान, एवढेंच मला सांगा.' ह्या उत्तरावर तें सारा वृक्ष बांधतें. मात्र उत्तर देणाऱ्यानें कांहीं नियम पाळले पाहिजेत. अ हा ब च्या आधीं असेल तर ब हा अ च्या नंतरच असला पाहिजे. अ हा ब च्या आधीं व ब हा क च्या आधीं असेल तर अ हा क च्या आधीं असलाच पाहिजे. आणि तोच प्रश्न उद्यां विचारला तर उत्तर आजचेंच आलें पाहिजे. हे नियम मोडले तर पुढें काय होईल ह्याची हमी इंजिन देत नाहीं. पंचाला अधिकार मिळाला तो असा, जबाबदारीसकट.

ह्या सोयींत एक खुबी व एक खोंच आहे. दप्तराच्या फाइलींत केवळ क्रमाचें नांव लिहिलेलें असतें. क्रमाचें ज्ञान तींत नसतें. ती फाइल दुसऱ्या यंत्रावर नेली, आणि तेथें त्या नांवाचा पंच हजर नसला, तर 'असा क्रम मला ठाऊक नाहीं' असें म्हणून इंजिन अडून बसतें. वाचकांस ह्यांत गैरसोय वाटेल. आम्हांस तर ही प्रामाणिकपणाची परिसीमा वाटते. अज्ञान कबूल करणारें यंत्र हें चुकीच्या कोनाड्यांत पाहून 'नोंद नाहीं' असें ठासून सांगणाऱ्या यंत्रापेक्षां शतपटीनें बरें.

ही तुलना कशी भोंवते ह्याचे दाखले इतिहासांत आहेत. मायएसक्यूएलच्या ५.१.२४ ह्या २००८ सालच्या आवृत्तींत जर्मन भाषेंतील एस्त्सेट ह्या एका अक्षराची तुलना दुरुस्त करण्यांत आली. दुरुस्ती सद्धेतूनेंच केलेली होती. पण ज्या ज्या सूचींत तें अक्षर होतें त्या त्या सूची जुन्या क्रमानें बांधलेल्या होत्या, व म्हणून त्या नव्यानें बांधाव्या लागल्या. अखेरीस, ज्यांना बांधकाम परवडत नव्हतें त्यांच्यासाठीं पुढच्या आवृत्त्यांत तो जुना क्रम वेगळ्या नांवानें परत आणण्यांत आला. एखाद्या चुकीला स्वतःचें नांव व हक्काची जागा मिळाल्याचें हें उदाहरण चमत्कारिक खरें, परंतु त्यांतला व्यवहार शहाणपणाचा आहे.

पोस्टग्रेस ह्या इंजिनाची कथा अधिक बोधप्रद आहे. बर्कली येथील विद्यापीठांत मायकेल स्टोनब्रेकर ह्यांच्या नेतृत्वाखालीं १९८६ सालीं ह्याचें काम सुरू झालें. पुढें ह्या इंजिनानें शब्दांच्या तुलनेचें काम स्वतः न करतां तें चालक प्रणालीवर सोंपविलें. प्रथम सर्व दप्तरांस मिळून एकच क्रम असे. २००९ सालीं प्रत्येक दप्तरास वेगळा क्रम घेतां येऊं लागला. आणि २०११ सालीं ९.१ ह्या आवृत्तींत प्रत्येक स्तंभाला. दार टप्प्याटप्प्यानें उघडत गेलें, पण पंच बाहेरचा होता. तो बाहेरचा असण्याचा पहिला चटका २०१६ सालीं बसला. त्या वर्षाच्या आरंभीं आलेल्या ९.५ ह्या आवृत्तींत क्रमवारी जलद लागावी म्हणून एक युक्ति योजिली होती: दोन शब्द प्रत्येक वेळीं तोलण्यापेक्षां प्रत्येक शब्दाचें वजन एकदांच काढून ठेवावें, आणि मग नुसतीं वजनें ताडून पाहावीं. युक्ति नामी होती. पण कांहीं लिनक्स प्रणालींत तोलणारा एक निर्णय देई आणि वजन काढणारा दुसरा! एकाच दुकानांत दोन तराजू, आणि त्यांचा मेळ नाहीं. मार्च महिन्यांत निघालेल्या ९.५.२ ह्या आवृत्तींत ती युक्ति अशा क्रमांपुरती बंद करण्यांत आली, व बिघडलेल्या सूची पुन्हां बांधाव्यात असें लोकांस सांगण्यांत आलें.

दुसरा चटका मोठा होता. लिनक्सच्या ग्लिबसी ह्या मूलभूत संग्रहाची २.२८ ही आवृत्ति ऑगस्ट २०१८ मध्यें निघाली, व तींत शब्दक्रमाचें कोष्टक आंतरराष्ट्रीय मानकाच्या नव्या आवृत्तीस अनुसरून बदललें. पूर्वीं '११' हें '१-१' च्या आधीं लागत असे; नव्या कोष्टकाप्रमाणें '१-१' हें आधीं लागूं लागलें. (हीं उदाहरणें इंग्रजी अंकांचीं समजावीं.) बदल पाहावा तर एका आडव्या रेघेचा, पण जुन्या प्रणालीवर बांधलेलीं दप्तरें नव्या प्रणालीवर नेतांच त्यांच्या पाट्या खोट्या पडल्या. असलेल्या नोंदी सांपडेनात, आणि एकमेव म्हणून राखलेल्या स्तंभांत दुहेरी नोंदी शिरूं लागल्या. इंजिनाचें एक अक्षरहि कोणीं बदललेलें नव्हतें. पायाखालची जमीन तेवढी सरकली होती. उपाय एकच होता: प्रत्येक सूची नव्यानें बांधणें.

ह्या अनुभवांतून जें शहाणपण आलें तें दोन प्रकारचें आहे. पहिलें असें कीं, क्रमाला नांवाबरोबर आवृत्तीचा क्रमांकहि असला पाहिजे. २०१७ सालच्या दहाव्या आवृत्तीपासून पोस्टग्रेसनें आयसीयू नांवाच्या स्वतंत्र संग्रहाकडून क्रम घेण्याची सोय केली, व ज्या आवृत्तीच्या नियमानें क्रम घेतला तिची नोंद ठेवण्यास आरंभ केला. नोंद व नियम जुळले नाहींत तर इंजिन इशारा देतें. २०२३ सालच्या सोळाव्या आवृत्तींत तर वापरणाऱ्यानें स्वतःचे नियम लिहून द्यावे अशीहि मुभा मिळाली. 'ह च्या नंतर ळ' एवढी एक ओळ लिहिली कीं काळे आपल्या जागीं जातात. ज्या कामासाठीं पूर्वीं इंजिनाचें पोट फाडावें लागे तें आतां एका ओळीवर आलें. दुसरें शहाणपण ह्याच्या अगदीं उलट दिशेचें आहे. २०२४ सालच्या सतराव्या आवृत्तींत इंजिनानें कधींहि न बदलणारा, निवळ क्रमांकांचा असा एक क्रम युनिकोडच्या दप्तरांसाठीं स्वतःच्या पदरीं बाळगला आहे. साठ वर्षें भाषेच्या दिशेनें चालत येऊन यंत्र अंशतः पुन्हां आरंभींच्या मुक्कामावर आलें आहे.

ह्या दोन पक्षांपैकीं खरा कोणता? स्थैर्यवादी म्हणतात कीं, पोटांत क्रमांकांचाच क्रम ठेवावा, आणि माणसापुढें यादी मांडतांना ती भाषेच्या क्रमानें लावून द्यावी. शंभर नांवांची यादी असेल तर हें म्हणणें निर्विवाद योग्य आहे. परंतु कोटि-दोन कोटि नांवांतून 'काळेपासून पुढचीं पन्नास' मागितलीं, तर प्रत्येक वेळीं सारीं नांवें नव्यानें लावणें परवडत नाहीं. तेथें सूचीच भाषेच्या क्रमानें बांधलेली हवी. म्हणून आमचें मत असें आहे कीं, जेथें नोंद केवळ ओळखावयाची आहे तेथें न बदलणारा क्रम असावा, आणि जेथें माणसानें यादी वाचावयाची आहे तेथें भाषेचा क्रम असावा. मात्र तो नांवानिशीं, आवृत्तीसह आणि लेखी असावा. न लिहिलेला क्रम हाच खरा धोका आहे, मग तो यंत्राचा असो कीं पंडिताचा.

आणि येथें मराठी भाषकांवर एक जबाबदारी येऊन पडते. युनिकोड संघाच्या देखरेखीखालीं जगांतील भाषांच्या नियमांचें जें सामाईक भांडार आहे, त्यांत मराठीसाठीं ह, मग ळ, मग क्ष, मग ज्ञ असा क्रम नोंदलेला आहे. म्हणजे आपला करार लिहून ठेवलेला आहे. इंजिनांचीं दारेंहि उघडीं आहेत. उणीव आहे ती विचारणाऱ्याची. पटाची, सूचीची वा याद्यांची यंत्रणा विकत घेतांना ती जलद आहे काय व स्वस्त आहे काय हें आपण विचारतों. ती ळ कोठें ठेवते, आणि ॲ दोन रीतींनीं लिहिला तर दोन्ही शब्द एकच समजते काय, हें कोणी विचारीत नाहीं. न विचारणाऱ्याच्या पदरांत यंत्राचा आयता क्रम पडतो, आणि एकदां त्या क्रमावर लाखों नोंदींचा वृक्ष वाढला कीं मग तो उपटून पुन्हां लावण्याचा खर्च कोणाच्याच अंदाजपत्रकांत बसत नाहीं. प्रश्न आरंभींच विचारला तर त्याला एक ओळ पुरते. तो मागाहून विचारला तर कायकाय लागतें तें वर आलेंच आहे.